डोळे मिचकावा

महानंदा चौगुले ही फोनला बिचकणारी बाई होती, असं कुणी समजू नका. निपाणीच्या भाचीशी ती रोज व्हिडिओवर गप्पा मारायची. नवऱ्याला, बसवंतला, गुडघ्याचे व्यायाम शोधून लावून द्यायची. देवळातल्या बायकांच्या ग्रुपवर सकाळचा फुलांचा फोटो सगळ्यांच्या आधी तिचाच पडायचा. फोनशी तिचं काही वाकडं नव्हतं. तिच्या डोक्यात जायची ती फोनातली बाई.

त्या बाईची ओळख पुढे होईलच, आधी महानंदा. वय त्रेपन्न, अंगानं शेलाटी, पण दंड असे की पैलवानानं बघत राहावं. काम एकच, तान्ह्या पोरांना न्हाऊ घालायचं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती निपाणीहून थेट बंगळुरात, येलहंक्याच्या जुन्या वस्तीत आली. बसवंत होसकोट्याच्या कारखान्यात पाळ्या करायचा, आणि सासू गंगव्वा घरोघरी जाऊन बाळ-बाळंतिणीचं बघायची. महानंदा सासूच्या हाताखाली शिकली. तिनं न्हाऊ घातलेल्या पोरांपैकी काहींना आता मिशा फुटल्यात, रस्त्यात भेटली तरी ती तिला ओळखत नाहीत. आपण मात्र डोक्याच्या आकारावरून एकेकाला ओळखतो, असं ती छातीठोकपणे सांगते. यात थोडी फेकाफेक असावी.

गेल्या दहा-बारा वर्षांत येलहंक्याच्या आजूबाजूला शेतांच्या जागी अठरा-अठरा मजली इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांत पुण्याची, मुंबईची, नागपूरची जोडपी राहायला आली. सगळी लॅपटॉपवाली. बाळंतपणाला कुणाची आई येते, कुणाची सासू येते, महिनाभर राहते आणि 'माझी पाठ गेली गं' म्हणत परत जाते. मग बाळाला न्हाऊ घालायचं कुणी? तिथं महानंदाचं नाव निघायचं. शिवाय ती मराठी बोलायची, म्हणून या मुलींना अगदी माहेरचं कुणी भेटल्यासारखं व्हायचं. बोलायची मात्र तिकडच्या पद्धतीनं. निपाणीकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. पुण्याच्या आसावरीला पहिल्या दिवशी हसू आवरेना.

"हसा की," महानंदा म्हणाली. "पोराला कळल्याशी कारण."

आसावरीचं पोर म्हणजे मल्हार, वय दीड महिना. अकराव्या मजल्यावर राहायचे. आसावरी नोकरीतून सुट्टीवर होती, नवरा प्रणीत घरूनच काम करायचा. याच इमारतींत महानंदाची आणखी दोन घरं होती. सकाळी आठला मल्हार, मग दुसऱ्या इमारतीतली जुळी, मग तिसरीतली एक नाकातून हुंकारणारी गोड मुलगी. ही तीन घरं म्हणजे तिची सकाळ होती. खरं सांगायचं तर तिचं सगळं असणंच त्या तीन घरांत होतं, कारण दुपारनंतर ती नुसती बसवंतची बायको असायची.

तिची कामाची रीत ठरलेली होती. न्हाणीघरात पाट टाकायचा, साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाय लांब सोडायचे, दोन्ही नडग्यांच्या मधल्या खोबणीत पोराला पालथं घालायचं. तेल आधीच जिरवलेलं असायचं. डाळीचं पीठ आणि साय लावून पाठ, मांड्या, पोटऱ्या, मग उताणं करून छाती, पोट, आणि सगळ्यात शेवटी डोकं आणि तोंड. उजव्या हातात तांब्या, आणि डावा तळवा पोराच्या कपाळावर आडवा, म्हणजे पाणी डोळ्यानाकाकडे न येता कानामागून निघून जातं. हे दिसायला सोपं दिसतं, करून बघा. आणि या सगळ्यात एक नियम होता, गंगव्वाचा. पायावर पोर असताना नजर पोरावर. दाराची घंटा वाजो, कुकरची शिट्टी होवो, वरून हवाई दलाचं विमान कान फाडत जावो, मान वर करायची नाही. महानंदा तेवढा वेळ बोलायचीसुद्धा पोराकडे बघूनच.

आता फोनातली बाई. झालं असं, की इमारतींच्या कमिटीनं ठराव केला, इथून पुढे घरकामाला येणारी प्रत्येक बाई एका ठरावीक ॲपवर नोंदलेली असली पाहिजे. सुरक्षितता म्हणे. कोण आलं, कोण गेलं, किती वेळ काम केलं, सगळं फोनवर दिसणार. कमिटीतले साहेब लोक एकमेकांच्या पाठी थोपटून मोकळे झाले. ज्यांना रोज फाटकातून आत यायचं होतं, त्यांना कुणी विचारलं नाही. विचारतंय कोण?

आसावरीनंच महानंदाच्या फोनवर ते ॲप घातलं. भाषा विचारली तेव्हा यादीत मराठी दिसली, आणि दोघींना आनंद झाला. तो आनंद दोन मिनिटं टिकला. आतून एक गोड, गुळगुळीत, कुठल्याच गावची नसलेली बाई बोलली, "कृपया आपला चेहरा चौकटीमध्ये संरेखित करा."

"काय करा म्हणती ही?" महानंदानं विचारलं.

"चेहरा मध्ये आणा म्हणतेय, मावशी."

"मग तसं म्हणायला काय होतंय हिला?"

"कृपया डोळे मिचकावा," बाई म्हणाली.

महानंदानं आसावरीकडे बघितलं. परक्या माणसाच्या सांगण्यावरून डोळे मिचकावायचे, हे काही तिला बरं वाटेना. पण मिचकावले. कॅमेऱ्यापुढे कुणी खोटा माणूस नाही ना, जिवंत माणूसच आहे ना, हे त्या बाईला म्हणे मिचकावण्यावरून कळतं. "जित्ती हाय बाई मी," महानंदा फोनला म्हणाली, "न्हाईतर आठ वाजता इथं कोण आलं असतं?"

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं. खरी पंचाईत पुढे होती. काम चालू असताना मधेच, कधीही, ती बाई किणकिण करायची आणि म्हणायची, "सुरक्षा पडताळणी. कृपया साठ सेकंदांत आपला चेहरा दाखवा." म्हणजे फाटकातून एक बाई शिरली आणि काम दुसरीनंच केलं, असं होऊ नये म्हणून. ठीक आहे, कुठे तसं झालंही असेल. पण साठ सेकंद! महानंदाचे दोन्ही हात कोपरापर्यंत तेला-पिठात, पायावर निसरडं पोर, फोन बाहेर पिशवीत. तिनं काय करायचं होतं? पोराला फरशीवर ठेवून फोटो काढायला धावायचं होतं?

पहिल्या वेळी तिनं किणकिण ऐकली आणि सोडून दिली. दुसऱ्या वेळी तेच. दोन्ही वेळा फोनवर लाल पट्टी आली, "आपण पडताळणी चुकवली आहे." तिसऱ्या वेळी प्रणीतनं डोकं चालवलं. तो मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर करायचा, त्यामुळे असल्या ॲपला कसं गुंडाळायचं हे आपल्याला ठाऊक आहे, असा त्याचा समज होता. त्यानं महानंदाचा हसरा फोटो स्वतःच्या लॅपटॉपवर मोठा करून तिच्या फोनसमोर धरला.

"छायाचित्र वापरल्याचे आढळले आहे," बाई तितक्याच गोड आवाजात म्हणाली. "आपले खाते स्थगित करण्यात येत आहे."

"अरे यार," प्रणीत म्हणाला. त्याच्या 'अरे यार'चं पुढे काय झालं ते महानंदाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

फाटकावर आप्पाजी होता. इमारतींची पहिली वीट पडल्यापासून तो तिथं वॉचमन, महानंदाला 'अक्का'शिवाय हाक मारत नसे. त्याच्या मुलीच्या पोरालाही तिनंच न्हाऊ घातलं होतं, त्याच्या घरी जाऊन, तेही फुकट. आप्पाजीनं टॅबवर तिचं नाव दाबलं. टॅब लाल झाला. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल.

"अक्का, स्वल्प निल्ली," तो म्हणाला. थोडं थांबा.

ती थांबली. पाच मिनिटं, दहा, वीस. तिच्या बाजूनं जेवणाचे डबे आत गेले, कुत्र्याला फिरवणारा माणूस आत गेला, एका घरात पलंग दुरुस्त करायला आलेले तिघे आत गेले. सगळ्यांचं हिरवं. दहा-बारा वर्षं ओळखणारा आप्पाजी टॅबकडे बघत मान खाली घालून उभा राहिला. तिनं त्याच्यावर आवाज चढवला, "आप्पाजी, तू मला वळखत न्हाईस काय रे?" तो कन्नडमध्ये पुटपुटला, मी ओळखतो अक्का, पण माझी ओळख यात भरता येत नाही. नोकरी जाईल माझी.

वरून आसावरीचा फोन. मागे मल्हार ताणून रडत होता. त्याची सवय अशी, की न्हाल्याशिवाय त्याला झोप लागायची नाही. "मावशी, मी खाली येते, मी सांगते त्यांना!" ती आली, भांडली, कमिटीच्या सचिवांना फोन लावला. सचिव म्हणाले, मॅडम, नियम सगळ्यांना सारखा. महानंदा परत घरी निघाली. वाटेत तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचा आणखी राग येत होता. पन्नाशी उलटलेली बाई, फोनातल्या बाईनं काढलं म्हणून रस्त्यात रडते? पण डोळे ऐकेनात.

त्या दिवशी प्रणीतनं ॲपच्या मदतकेंद्राशी चार तास झुंज घेतली. आधी एक यंत्र लिहून बोललं. "तुमची अडचण मी समजू शकतो," ते म्हणालं, आणि तीन पर्याय दिले, त्यातला एकही त्यांच्या अडचणीचा नव्हता. त्यानं चिडून काहीतरी खरमरीत लिहिलं, तर ते म्हणालं, "धन्यवाद! तुमचा प्रश्न सुटला का?" शेवटी कुठूनतरी एक माणूस फोनवर आला आणि म्हणाला, सहकारी स्वतः इंदिरानगरच्या ऑफिसात हजर राहिली तरच खातं उघडेल. महानंदा म्हणजे त्यांची सहकारी. वेळ आली की सहकारी, एरवी लाल पट्टी.

ती गेली. दुसऱ्याच दिवशी, बसवंतचा दुपारचा स्वयंपाक झाकून, दोन बस बदलून, उन्हात पत्ता विचारत. ऑफिस एका कॉफीच्या दुकानाच्या वर होतं. भिंतीवर खोटी हिरवळ, बसायला जमिनीवर लोळणाऱ्या गाद्या. त्यात एकदा बसलं की साडी नेसलेल्या बाईनं उठायचं कसं, हा विचार कुणी केलेला नव्हता. ती उभीच राहिली. काउंटरवरच्या मुलीनं, कस्तुरी तिचं नाव, एक छोटं यंत्र पुढे सरकवलं. बोट ठेवा.

महानंदानं अंगठा ठेवला. यंत्र टुक् करून लाल झालं. दुसरं बोट ठेवलं, तिसरं ठेवलं, हात पुसून ठेवले, मग कस्तुरीनं दिलेल्या पावडरीत बुडवून ठेवले.

"अक्का, बर्तिल्ल," कस्तुरी म्हणाली. येत नाही. मग तिनं महानंदाचा हात उलटा करून उजेडात धरला. बोटांवर रेषाच नव्हत्या. तीस-बत्तीस वर्षं गरम पाणी, तेल आणि पीठ. सगळं गुळगुळीत झालं होतं, आणि म्हणूनच तर पोरांना तो हात लागायचा नाही, बोचायचा नाही. पोरीला वाईट वाटलं असावं. "मी काय करू अक्का," ती कन्नडमध्ये म्हणाली, "सिस्टिम मागते."

आतून श्रीवत्स नावाचे एक साहेब आले. नम्र माणूस. त्यांनी पाणी विचारलं, सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. महानंदानं त्यांना मोडक्यातोडक्या हिंदीत एकच विचारलं. हे साठ सेकंद कुणी ठरवले?

ते आमच्या टीमनं ठरवलं, साहेब म्हणाले. आमच्याकडे आकडे आहेत. बायका सरासरी अठरा सेकंदांत उत्तर देतात.

मग मात्र तिचा तोल गेला. हिंदी कुठल्या कुठे राहिली. "अठरा सेकंदांत जी फोन उचलती, तिच्या हातात पोर नसतंय! आकडं कसलं दाखवताय मला? तुमच्यातल्या कुणी कधी पोर पायावर घेतलंय काय? एकदा घ्या की, आणि मग किणकिण वाजवा!"

श्रीवत्स साहेबांना मराठी येत नव्हतं. पण आवाज कळतो. त्यांनी कीबोर्डवर काहीतरी टिपून घेतलं आणि म्हणाले, तुमचं म्हणणं आम्ही पुढे पाठवू. खातं उघडून देतो, बोटांशिवाय, चेहऱ्यावरच चालू राहील. पण शेवटची संधी. यापुढे एक जरी पडताळणी चुकली, तर कायमचं बंद, आणि मग आमच्याही हातात काही नाही. म्हणजे तीन घरं एकाच वेळी गेली असती. बसमध्ये बसून ती सारखी तेच घोकत आली, एक जरी चुकली तर.

दुसऱ्या दिवशी टॅब हिरवा झाला. आप्पाजीनं हात जोडले. अकराव्या मजल्यावर प्रणीत तयारच होता. त्यानं त्या तासाची मीटिंग पुढे ढकलली होती. "मावशी, सिंपल आहे," तो म्हणाला. "फोन माझ्याकडे द्या. मी न्हाणीच्या दारात उभा राहतो. वाजला की तुमच्यासमोर धरतो, तुम्ही फक्त वर बघा. दोन सेकंद."

महानंदाला हे पटलं नव्हतं. पण न पटून काय करणार होती? तिनं पाट टाकला, पाय सोडले. आसावरी आतल्या खोलीत ओव्याची धुरी तयार करत होती. मल्हार दोन दिवसांनी त्या पायांवर आला आणि खुशीत हुंकार द्यायला लागला. पाठ झाली, मांड्या झाल्या. त्याला उताणं केलं. छाती, पोट. डोक्यावर पाणी घ्यायला तिनं तांब्या उचलला, डावा तळवा कपाळावर आडवा धरला, आणि किणकिण झाली.

"सुरक्षा पडताळणी. कृपया साठ सेकंदांत आपला चेहरा दाखवा."

"मावशी, वर!"

"थांबा दादा, डोकं व्हऊ दे."

"पन्नास. मावशी, वर बघा ना."

तिनं मान वर केली नाही. पाणी सोडत राहिली, हळूहळू, कानामागून.

"चाळीस! मावशी, लास्ट चान्स आहे, प्लीज. तीस!"

तीन घरं. महानंदानं मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा. फोनच्या काचेत तिचा घामेजलेला चेहरा, भोवती पांढरी चौकट.

"डोळे मिचकावा."

तिनं मिचकावले.

"कृपया सावकाश मिचकावा," बाई म्हणाली.

तिनं सावकाश डोळे मिटले. तेवढ्यात डावा तळवा जरासा कलला असेल, किंवा तांब्या जास्त वाकला असेल. तिला आधी कळलं ते पायांना. नडग्यांवरचं ते एवढंसं अंग एकदम ताठ झालं. तिनं डोळे उघडले. पाणी तळव्यावरून थेट नाकातोंडात गेलं होतं. मल्हारचं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता.

तांब्या कुठे पडला ते तिला आठवत नाही. तिनं त्याला पालथा उचलून मनगटावर घेतला, डोकं खाली, पाठीवर थाप मारली. एक. दोन. तिसऱ्या थापेला खोकला आला, नाकातून पाणी आलं, आणि मग त्यानं टाहो फोडला.

"झालं! ग्रीन आलं!" प्रणीत दारातून ओरडला. "मावशी, भारी!" तो फोनकडे बघत होता.

"आज का रडतोय एवढा?" आतून आसावरीनं विचारलं.

"पीठ गेलं असेल डोळ्यात," प्रणीत म्हणाला.

महानंदानं उरलेलं पाणी घातलं, पोराला पुसलं, पंच्यात घट्ट गुंडाळलं. मल्हार हुंदके देत देत शांत झाला. त्याच्या गालावर रंग परत आला होता; तिनं दहादा बघून खात्री केली. ती बाहेर आली तेव्हा प्रणीत दोघींना फोन दाखवायला उभा होता. पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडत होता, आणि ती बाई गोड आवाजात सांगत होती, "अभिनंदन! आपण आता आमच्या विश्वासू सहकारी आहात."

गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. खोटं कशाला सांगा, गप्प राहावं असं तिच्या मनात आलंही. पीठ गेलं असेल, हे उत्तर आयतं मिळालेलं होतं. तीन घरं शाबूत होती, पोर धडधाकट होतं, आणि वर विश्वासू म्हणून शिक्का मिळाला होता. तिनं पोर आसावरीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "ताई, पीठ न्हवतं. पाणी गेलं नाकात. श्वास अडकला हुता त्याचा. मी डोळं मिटलं हुतं."

आसावरीचा चेहरा उतरला. तिनं मल्हारला छातीशी धरलं, मग त्याच्या छातीला कान लावला, मग प्रणीतकडे बघितलं.

"तू तिथेच होतास ना?"

"मी टाइमर बघत होतो," प्रणीत म्हणाला, आणि त्याच्या हातातला फोन हळूहळू खाली गेला. आपण काय बोललो ते त्याला बोलल्यावर कळलं असावं.

लगेच डॉक्टरांना फोन झाला. त्यांनी शंभर प्रश्न विचारले, पोर दूध पितंय ना, श्वास नीट आहे ना, आणि संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा म्हणून सांगितलं. मल्हार दूध पिऊन झोपून गेला. मग आसावरी म्हणाली, "मावशी, उद्यापासून फोन मी धरते. मी नीट बघीन."

"फोन कुणी धरायचा हा प्रश्न न्हाई ताई!" महानंदा ओरडलीच. "मला वर बघायला लागतंय, हा प्रश्न हाय. आज वाचला. उद्याची मी हमी देत न्हाई. मी येत न्हाई उद्यापासनं."

"असं नका ना करू. आम्ही कमिटीला लिहितो, सगळ्या आया मिळून सह्या करतो—"

"लिहा की. कराच. त्याला चार महिनं लागतील. तवर पोराला काय बिनआंघोळीचं ठेवताय?"

आसावरी रडायला लागली. मला भीती वाटते मावशी, म्हणाली, माझ्या हातातून निसटेल तो. महानंदाला तिची दया आली आणि रागही आला. मग ती म्हणाली, "उद्या मला पाव्हणी म्हणून बोलवा. पाव्हणीला ती बाई काय इचारत न्हाई. पाट टाकून ठेवा, पाय तुमचे."

दुसऱ्या दिवशी आप्पाजीनं टॅबवर 'पाहुणे' दाबलं आणि महानंदा एका दमात आत गेली, ना चेहरा दाखवावा लागला, ना डोळे मिचकावावे लागले. या गोष्टीचा तिला जो संताप आला तो लिहिण्यासारखा नाही. वर आसावरी पाटावर बसली, सलवार वर दुमडून. महानंदानं पोर तिच्या पायांवर ठेवलं आणि स्वतः शेजारी पालथ्या बादलीवर बसली.

"भिऊ नका. ते तुमच्याकडंच बघायलंय, तुम्ही त्याच्याकडं बघा. माझ्याकडं काय बघताय? मी काय न्हाऊन आलोय."

आसावरीनं पाठीला पीठ लावायला घेतलं. पीठ जास्त झालं, पाणी कमी पडलं, एकदा मल्हार नडगीवरून जरा घसरला तेव्हा महानंदाचे हात आपोआप पुढे गेले. तिनं ते मागे घेऊन मांडीखाली दाबून धरले. डोक्याची वेळ आली. आसावरीनं डावा तळवा आडवा धरला, दात ओठांवर रोवले आणि पाणी सोडलं. पाणी कानामागून निघून गेलं. मल्हारनं एक हुंकार दिला, रोज द्यायचा तसाच.

"जमलं! मावशी, जमलं मला!"

"जमलं की," महानंदा म्हणाली.

तिला बरं वाटलं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तिला चीड आली होती. त्या बाईची, अठरा सेकंदांच्या आकड्यांची, पलंगवाल्यांना हिरवा होणाऱ्या टॅबची, आणि आपणच आपल्या हातानं आपली गरज संपवतोय याची. अजून दोन घरं बाकी होती, तिथल्या आयांनाही हेच शिकवायचं होतं, आज पाहुणी म्हणून आलोच आहोत तर आजच. प्रणीत कोरडा पंचा घेऊन दारात आला. आसावरीनं मल्हारला पंच्यात गुंडाळलं, थोडं वेडंवाकडं, पण घट्ट. महानंदा बादलीवरून उठली आणि जायच्या आधी सवयीनं दोन्ही हात पदराला पुसले. हात कोरडेच होते.